कसालच्या बाजाराला गेलेत

मी खोटं बोलायला शिकले तेव्हा मला धड पाढेही येत नव्हते. आईनं मला पडवीत समोर बसवलं आणि विचारलं, "कोणी इचारल्यान, तुजे बाबा खंय, तर काय सांगतलंस?"

"बहरीनाक."

पाठीत धपाटा बसला. "कसालच्या बाजाराक गेलेत, सांजेक येतले. परत सांग."

मी परत सांगितलं. दहादा सांगितलं, तेव्हा कुठे हातावर गुळाचा खडा पडला.

वडील खरोखरच बहरीनला होते. तेलाच्या कारखान्यात फिटर. मी चार वर्षांची असताना तीन वर्षांचा करार करून गेले, आणि तीन संपल्यावर पुढची तीन वाढवून बसले. हे काही गुपित नव्हतं. मालवणपासून कोसभरावरच्या आमच्या गावात कुणाकडे बांगडा शिजला नि कुणाकडे नुसती पेज, हे चार वाड्यांना कळायचं, तिथे अख्खा माणूस समुद्रापार गेलेला कसा लपणार? पण आईचा हिशेब वेगळा होता. "गावाक म्हायत आसा ता गावात ऱ्हवांदे," ती म्हणायची. "सरकाराक जवसर म्हायत नाय, तवसर तुजे बाबा हंयच आसत."

सरकार म्हणजे कोण, तर ज्याच्या पायात बूट तो. आमच्या गावात बाकी सगळे अनवाणी, नाहीतर वहाणा घालणारे. बूट दिसला की मी कसाल म्हणायचं, एवढं सोपं होतं ते.

हे सगळं सुरू केलं खोताच्या कारकुनानं. आमचं घर आणि घरामागचा भाताचा मळा, दोन्ही खोताच्या मालकीचं. वडील त्याचे कूळ, आजोबाही कूळच होते. त्या वर्षांत कसणाऱ्याला जमीन देणारा कायदा आला होता. जो राहतो आणि कसतो तो कायमचा होणार, सातबाऱ्यावर त्याचं नाव लागणार, असं जो तो बोलत होता. खोत मालवणात राहायचा, कारकून मात्र आमच्याच वाडीतला. एका सकाळी आई लावणीला वाकलेली असताना तो बांधावर उभा राहिला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "वहिनी, कायदो बरो आसा. पण जमनीर ऱ्हवता तेचो. बहरीनात ऱ्हवणारो कूळ कसलो?"

आईनं ते खरं मानलं. वाईट बातमी तिला कधीच खोटी वाटली नाही. चांगली असली तर ती चार ठिकाणी विचारून यायची. खरं म्हणजे हीच बातमी चार ठिकाणी विचारायला हवी होती, पण विचारायला गेलं तर विचारलं म्हणून कळेल, या भीतीनं ती गप्प बसली. मळा गेला तर घरही जाणार, कारण घराखालची जमीनही खोताचीच. मग आम्ही कुठे जायचं, हे ती मोठ्यानं कधी बोलली नाही. मला मात्र ते झोपतानासुद्धा ऐकू यायचं.

त्या दिवसापासून आमच्या घरात वडील राहू लागले. म्हणजे त्यांचा निळ्या रेघांचा शर्ट राहू लागला. आई तो आठवड्यातून दोनदा भिजवायची, दगडावर आपटायची आणि रस्त्यावरून दिसेल असा दोरीवर टाकायची. त्यांच्या वहाणा पायरीपाशी. पाऊस आला तर आत, उघडला की बाहेर. एकदा तर मामाकडून विझलेल्या बिड्यांची थोटकं आणून तिनं अंगणाच्या कडेला टाकली. "बाबा खंय बिडी वडत?" मी विचारलं. "सरकाराक काय म्हायत?" ती म्हणाली.

मामा पिंगुळीचा, आईचा धाकटा भाऊ. वडिलांची पत्रं त्याच्या पत्त्यावर यायची, कारण आमच्या पोस्टमनवर आईचा विश्वास नव्हता. परदेशी तिकिटाचं पाकीट कचेरीत कोणीतरी टिपून ठेवतं, अशी तिची खात्री. मामा महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, पिशवीच्या तळातून पत्र काढायचा आणि दार लोटून वाचून दाखवायचा. तब्येत बरी आहे, ऊन फार आहे, मुलीला शाळेत घाला. दर वेळी तेच.

आता तुम्हीच सांगा, माझ्या डोक्यात काय शिजणार? पोस्टमन आमच्याकडे पत्र टाकताना मी पाहिला नाही. बहरीन पाहिलं नाही. वडिलांचा चेहरा एका फोटोतला, तोही अर्धा ओल लागून गेलेला. आणि आई इतकं सफाईदार खोटं बोलते हे मी रोज बघत होते. मग ती सरकारला फसवतेय कशावरून? मलाच फसवत असेल तर? मला हळूहळू वाटू लागलं की बहरीन हीच थाप आहे. पत्रं मामाच लिहितो आणि वडील कसालला आहेत. आईशी भांडून गेले असतील, किंवा माझा कंटाळा आला असेल. कसालबद्दल आई रोज बोलते, बहरीनबद्दल दार लावून बोलते. कोणत्याही शहाण्या मुलीनं काय समजावं?

एकदा मामा मला पिंगुळीला घेऊन चालला होता. मालवणची गाडी कसालला सोडायची, आणि तिथून हमरस्त्यावरची कुडाळची गाडी धरायची. मामा चहा प्यायला वळला आणि मी बाजारात घुसले. सुक्या मासळीच्या ढिगांमधून, मडक्यांच्या ओळीतून, एकेका पुरुषाच्या तोंडाकडे बघत. फोटोत जेवढा चेहरा उरला होता तेवढा जुळवत होते. एक कोयते विकणारा मला पुष्कळसा जुळला. मी त्याच्यापुढे उभीच राहिले. तो म्हणाला, "काय गो, कोणाचा तू?" तेवढ्यात मामानं येऊन बखोट धरलं. पुढे वाटेभर मी रडले आणि का रडते ते सांगितलं नाही, कारण मामाही त्यांच्यातलाच.

मी आठ वर्षांची झाले त्या वर्षी गावपळण आली. आमच्याकडे काही वर्षांनी देवाचा कौल होतो, आणि मग सबंध गाव तीन दिवसांसाठी गाव सोडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर. घरं देवाच्या हवाली करायची आणि सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, माडाच्या झापांच्या झोपड्या बांधून राहायचं. परत कौल मिळेपर्यंत कुणी आत पाऊल टाकायचं नाही. टाकणाऱ्याचं काय होतं ते कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण कुणी टाकतच नव्हतं.

निघायच्या आधी आईनं पडवी नि अंगण शेणानं सारवलं, दाराला कुलूप घातलं, गाय सोडली, आणि आम्ही निघालो. शर्टही बरोबर घेतला. सड्यावर मुलांची नुसती चंगळ होती. एकत्र जेवणं, दिवसभर हुंदडणं. आई मात्र झोपडीच्या तोंडाशी बसून माणसं मोजत होती. तिला ती खोडच होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "कारकून नाय जेवणाक." मी म्हटलं, असेल कुठे तरी. ती म्हणाली, "खंय असतलो? ताच तर इचारतंय."

कारकून सांजेला दिसला. लाकडं आणायला गेलो होतो म्हणाला. लाकडं काही दिसली नाहीत.

चौथ्या दिवशी कौल मिळाला आणि आम्ही परत आलो. आईनं मला फाटकाशीच थांबवलं. सारवलेलं अंगण वाळलं होतं, आणि त्यावर, सारवण ओलं असताना उमटावेत तसे नव्हे, पण नीट दिसतील असे धुळीचे ठसे होते. एक जोडी वहाणांची. दुसरी बुटांची. फाटकापासून दारापर्यंत, दारापासून मागच्या खिडकीपर्यंत, आणि परत. आई त्या बुटांच्या ठशांकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग केरसुणी न घेता, त्यांना वळसा घालून आत गेली. मला भीती वाटली ती तेव्हा. आईनं अंगण झाडलं नाही असं कधी झालं नव्हतं.

महिन्याभरानं मालवणच्या मामलेदार कचेरीतून कागद आला. मामानं वाचून दाखवला. खोताचा अर्ज होता, की कूळ गावात राहत नाही, जमीन कसत नाही, सबब जमीन नि घर परत मिळावं. सोबत पंचनाम्याची नक्कल. समक्ष जाऊन पाहिले असता घर कुलूपबंद आढळले, आत कोणाचीही वस्ती नाही, गोठा रिकामा, चूल थंड, आसपास कोणाचा वावर नाही. लिहिणारा घाटावरून नवीनच आलेला एक लेखनिक. पंच म्हणून सही खोताच्या कारकुनाची. आईनं तारीख पुन्हा वाचायला लावली. मग बोटांवर काहीतरी मोजलं.

"गावपळणीचो दुसरो दिस," ती म्हणाली.

मामा खवळला. तसल्या दिवशी अख्खा गाव थंड असतो, त्या बूटवाल्याला दिसलं नाही? पण आमचं घर रस्त्यालगतचं, गावाच्या अगदी टोकाला. आणि कोकणात दुपारी असंच सामसूम असतं, असं कारकुनानं त्याला सांगितलंही असेल. आईला या कशाचं नवल वाटलं नाही. चार वर्षं ती ज्याची वाट पाहत होती तेच आलं होतं.

सुनावणीला गावातली बरीच कुळं होती. प्रत्येकाचं काही ना काही होतंच. देवळाचे दोन मानकरीही त्यांत होते. खोताच्या बाजूनं त्याचा वकील आणि कारकून. मामलेदार चष्म्याचे, थकल्या चेहऱ्याचे, पायांत बूट. आई शुद्ध बोलायला लागली, म्हणजे ती घाबरलेली होती. "माझे यजमान इथेच असतात साहेब. आज कसालच्या बाजाराला गेले आहेत."

कारकून हसला. "साहेब, ह्या बाई खोटं बोलतात. तो बहरीनला आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे."

मामलेदारांनी आईकडे पाहिलं, कारकुनाकडे पाहिलं, आणि मग टेबलापुढे वाकून मला विचारलं, "बाळ, तुझे वडील कुठे आहेत?"

"कसालच्या बाजाराला गेलेत. सांजेला येतील."

"असं होय? आणि कधी गेले?"

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी आईकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. मग मी जे मला माहीत होतं ते सांगितलं. "मी चार वर्षांची होते तेव्हा."

सगळी कचेरी हसली. आमचे गाववालेसुद्धा. मला वाटलं जमिनीनं गिळावं. मी काय चुकले ते मला कळेना, आणि घर गेलं ते माझ्यामुळे गेलं एवढं कळलं.

मामलेदार तेवढे हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "बाई," ते म्हणाले, "तुमचा नवरा परदेशात आहे म्हणून कूळ जात नाही. घरातलं माणूस जमीन कसत असेल तर ती त्यानंच कसली असं कायदा मानतो. पहिल्या दिवशी हे खरं सांगितलं असतंत तर एवढं काहीच झालं नसतं. आता मात्र अडचण आहे. तुम्ही मुलीलाही खोटं शिकवलंत. मग तुम्ही तिथे राहता आणि कसता, हे मी कशावरून खरं धरू? इथे तर लिहिलंय की घर बंद आहे."

चार वर्षांचा शर्ट, वहाणा, बिड्यांची थोटकं, माझ्या पाठीतले धपाटे. काहीच लागत नव्हतं त्यातलं. उलट त्यानंच आम्ही बुडत होतो. आईचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं आता ही रडणार. पण ती वळली आणि आपल्या रोजच्या बोलीत, अगदी हळू, कारकुनाला म्हणाली, "भावोजीनु, एकच सांगा. ह्या कागदार तुमची सही आसा. त्या दिवशी तुमी गावात होतात?"

कारकून उत्तर द्यायला तोंड उघडून थांबला. मामलेदारांना काय चाललंय कळेना. पण आमच्या गावच्या लोकांचं हसणं थांबलं होतं. दोन्ही मानकरी बाकावरून उठून उभे राहिले होते.

"तारीख बघा," आई म्हणाली. "गावपळणीचो दुसरो दिस. आमी सगळी सड्यार होतो. तुमी खंय होतात?"

गावात होतो म्हणावं, तर देवानं रिकामं करायला सांगितलेल्या गावात बुटाच्या माणसाला घेऊन शिरलो, हे मानकऱ्यांसमोर कबूल होतं. नव्हतो म्हणावं, तर सही खोटी. कारकुनानं मामलेदारांकडे पाहिलं नाही, खोताच्या वकिलाकडे पाहिलं नाही. त्यानं मानकऱ्यांकडे पाहिलं. घाम पुसला.

"मी सड्यारच होतंय," तो म्हणाला.

"मग ही सही?" मामलेदारांनी विचारलं.

"सही मागाहून केली, साहेब."

मामलेदारांना गावपळण काय ते समजावून सांगायला मानकऱ्यांना बराच वेळ लागला. ते ऐकत गेले आणि मग त्यांनी पंचनाम्यावर आडवी रेघ मारली. मळ्यात लावणी कोण करतं, असं त्यांनी उभ्या असलेल्या सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी आईकडे बोट दाखवलं. कूळ कायम राहिलं. कारकून मान खाली घालून बाहेर पडला. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही.

"झालं ना समाधान?" मामलेदारांनी विचारलं.

"कागद हातात गावल्यार सांगतंय," आई म्हणाली.

परतीच्या वाटेवर मी मार खायच्या तयारीनं चालत होते. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "चार वर्सां बाजारात ऱ्हवता काय कोण?" आणि हसायला लागली. हसता हसता रस्त्याच्या कडेला बसली, डोळ्यांना पदर लावला. तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला त्याचाही संशय आला.

एवढं झालं तरी शर्ट दोरीवरून उतरला नाही. निकाल लागला म्हणून काय झालं, खोत अपील करील, नवा कायदा येईल, मामलेदार बदलेल. बूट दिसला की मी कसाल म्हणत राहिले. शर्टाच्या निळ्या रेघा उडाल्या, कॉलर विरली. कोणी अंगात न घालताच तो धुऊन धुऊन फाटला.

मी दहा वर्षांची असताना वडील आले. मामाबरोबर, पत्र्याची ट्रंक घेऊन. फोटोतल्यापेक्षा काळे आणि बुटके. आता जाणार नाही म्हणाले. आईनं "बरा" म्हटलं आणि ट्रंक रिकामी करू दिली नाही. मी लांबूनच बघत होते. हा बहरीनचा की कसालचा, की आणखी कुठला, मला काय माहीत?

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी एक बूटवाला आला. मतदार यादीचं काम होतं. "वडील आहेत का घरात?"

"कसालच्या बाजाराला गेलेत," मी म्हटलं. "सांजेला येतील."

तो काहीतरी लिहून निघून गेला. मी वळले तर वडील पडवीत बसलेले. हातात चहाची बशी, तोंडाशी नेलेली, तशीच धरलेली. त्यांनी आईला विचारलं, "किती वर्सां चल्लाहा ह्या?"

"तुमी गेल्यापासून," आई म्हणाली.

त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "फाल्या मी कसालाक जातंय. काय हाडूचा आसा?"

"मीठ," आई म्हणाली. घरात मीठ भरपूर होतं.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या गाडीनं गेले. मी पायरीवर बसले. उत्तर तयार होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते खरं होतं. मी दिवसभर रस्त्याकडे डोळे लावून बसले, की कोणीतरी येईल, विचारील, आणि मी मान वर करून सांगेन. जेवायलासुद्धा आत गेले नाही. त्या दिवशी एकही बूटवाला फिरकला नाही.

सांज झाली. आई तुळशीशी दिवा लावायला बाहेर आली आणि तिथेच उभी राहिली.

"येतले मां?" मी विचारलं.

"सांजेक येतले," ती म्हणाली. तेच शब्द, पण तिचा आवाज थरथरत होता. इतकी वर्षं हे वाक्य म्हणताना तिला काय होत असेल, ते मला तेव्हा कळलं.

शेवटची गाडी रस्त्यावर थांबली आणि गेली. वळणावर एक बुटका माणूस दिसला, हातात मिठाची पुडी. आई दोरीपाशी गेली, शर्ट ओढून काढला, आणि घडी न घालताच तो घेऊन आत गेली.